दीर्घ मनोविकार आणि स्वकष्टाची मिळकत

ज्या घरात स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी भावनाविकार किंवा तत्सम दीर्घ मुदतीचा मनोविकार एकदा शिरला आणि औषधोपचारांनी त्याचा जोर ओसरल्यावरही ज्याने आपला मुक्काम हलविला नाही, अशा घरांतील आईवडिलांसाठी, भावंडांसाठी व जोडीदारांसाठी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्या विकाराला प्रत्यक्ष तोंड देत असलेल्या व्यक्तींसाठी, हा लेख लिहिला आहे. पुण्यातल्या आणि ठाण्यातल्या स्वमदत गटांत अशा व्यक्तींना ‘शुभार्थी’ व त्यांची काळजी वाहणाऱ्या आप्तांना ‘शुभंकर’ म्हणण्याचा परिपाठ आहे; तोच मी येथे पाळणार आहे.

बहुतेक कुटुंबांत एक क्रम मनाशी ठरून गेलेला असतो: आधी मुलगा पूर्ण बरा व्हावा, मग त्याने काही शिकावे, मग नोकरीचे पाहावे. वरकरणी हा क्रम इतका शहाणपणाचा दिसतो की त्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच लोक अविचारी ठरवितात. तथापि ज्या आजाराच्या बाबतीत ‘पूर्ण बरे’ या शब्दांना ठाम सीमारेषा नाही, त्या आजारात हा क्रम पाळणे म्हणजे माणसाची उमेदीची वर्षे घरच्या खाटेवर खर्ची घालणे होय. स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुधा पंधरा ते तीस या वयात होते. म्हणजे पदवी, उमेदवारी, पहिली नोकरी, पहिला पगार आणि पहिली मैत्री ज्या काळात पदरी पडावयाची, नेमका तोच काळ तो हिरावून घेतो. औषधांनी भास आणि संशय बरेचसे आटोक्यात येतात, पण मागे राहते ती एक प्रकारची निरिच्छता: अंथरुणातून उठण्याची, आंघोळीची, चार माणसांत बसण्याचीही इच्छा न होणे, लक्ष पटकन विचलित होणे, सांगितलेले काम करण्याची गती मंदावणे. घरचे लोक याला आळस म्हणतात, आणि त्यात त्यांचा दोष असला तरी तो समजण्यासारखा आहे. परंतु हा आळस नसून आजाराचाच एक भाग आहे, औषधांचा त्यावर फारसा अंमल चालत नाही, आणि रिकामपणात तो वाढत जातो. सबब, ही निरिच्छता गेल्यावर काम पाहू असे म्हणणारे कुटुंब, जी गोष्ट रिकामपणावरच पोसली जाते, तिच्या ओसरण्याची वाट रिकामे बसून पाहत असते. काम हे बरे झाल्याचे बक्षीस नव्हे; ते बरे होण्याच्या साधनांपैकी एक आहे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतील गोळ्यांइतक्याच गांभीर्याने त्याची तजवीज केली पाहिजे.

हे केवळ सदिच्छेपोटी म्हणत नाही. 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात रॉबर्ट ड्रेक, डेबोरा बेकर आदींनी जी पद्धत उभी केली, तिने जुना क्रमच उलटा केला: आधी दीर्घ प्रशिक्षण आणि नंतर नोकरी असे न करता, ज्याला काम हवेसे वाटते त्याला शक्य तितक्या लवकर त्याच्या आवडीच्या खऱ्या, पगारी जागेवर नेऊन बसवावयाचे, आणि शिकविणे, सावरणे, समजावणे हे सर्व त्या जागेवर, काम चालू असताना, मुदत न घालता करावयाचे. ‘तू अजून तयार नाहीस’ असे सांगून कोणालाही दारातून परत पाठवावयाचे नाही, हा तिचा पहिला दंडक. पुढे युरोपातील सहा शहरांत या पद्धतीची परीक्षा झाली व तिचा अहवाल 2007 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किमान दोन वर्षे आजारी आणि किमान एक वर्ष बेकार असलेल्या 312 व्यक्तींपैकी, ज्यांना थेट कामावर नेले त्यांतील 55 टक्के लोकांनी पाहणीच्या दीड वर्षात खुल्या बाजारातील पगारी काम केले, तर ज्यांना रूढ रीतीने आधी प्रशिक्षण दिले त्यांत हे प्रमाण 28 टक्के राहिले. कामाचा ताण पडून आजार उलटेल, ही जी भीती प्रत्येक आईच्या मनात असते, तिच्या दृष्टीने आणखी एक आकडा मोलाचा आहे: कामावर गेलेल्या गटातील 20 टक्के लोकांना या काळात पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, आणि प्रशिक्षणाच्या गटातील 31 टक्के लोकांना.

त्या देशांत शुभार्थीसोबत कामाच्या जागी जाणारा जाणकार मदतनीस सेवायंत्रणेनेच नेमलेला असतो. आपल्याकडे ती भूमिका बहुधा एखाद्या संस्थेला किंवा शुभंकरालाच पार पाडावी लागते, हे मान्य. पण आपल्या भूमीवर काहीच नाही असेही नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन, प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांकरवी आधार देण्याचा जो प्रयोग तामिळनाडू, गोवा आणि आपला सातारा जिल्हा येथे झाला, त्याचा वृत्तांत 2014 मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि मोठी पदवी नसलेला पण नीट शिकविलेला माणूसही या कामी उपयोगी पडतो, हे त्यातून दिसले. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये स्थापिलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, या संस्थांची दारे ठोठावण्यासारखी आहेत. आणि इतिहासाकडे पाहिले तर या विषयात महाराष्ट्राचा मान मोठा आहे. भारतातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले ते कमलाबाई निंबकरांच्या खटपटीने. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या या बाईंनी, कामातून माणूस पुन्हा उभा राहतो हा विचार येथे शास्त्र म्हणून रुजविला.

एका गोष्टीविषयी मात्र वाचकांना सावध करणे मला कर्तव्य वाटते. मनोरुग्णालयांत आणि पुनर्वसन केंद्रांत पिढ्यान्‌पिढ्या जे काम दिले गेले, म्हणजे बागकाम, विणकाम, मेणबत्त्या, लिफाफे, कागदी पिशव्या, दिवाळीच्या पणत्या, त्याचा हेतू बव्हंशी वेळ मार्गी लागावा एवढाच होता. घराबाहेर पडण्याची, ठराविक वेळी ठराविक जागी जाण्याची सवय लागण्यासाठी अशी दिवसाची केंद्रे निःसंशय उपयुक्त आहेत, आणि ज्यांचा आजार फार खोल गेला आहे अशा काहींना तीच जागा आयुष्यभर आधाराची ठरते; पण सात-आठ वर्षे एकच पिशवी चिकटवीत राहिलेल्या पदवीधराला ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणणे ही त्याची फसवणूक होय. म्हणून केंद्रात नाव घालण्यापूर्वी चालकांना निःसंकोचपणे विचारावे: गेल्या वर्षभरात तुमच्याकडून किती जण बाहेरच्या पगारी कामावर गेले? त्यांतले किती अजून टिकून आहेत? कामाच्या पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर कोण गेले होते? येथे तयार होणाऱ्या मालाच्या विक्रीतून काम करणाऱ्याच्या हाती काय पडते, आणि त्याचा हिशेब त्याला दाखविला जातो काय? जे केंद्र या प्रश्नांची सरळ उत्तरे देते, मग ती उत्तरे फारशी उत्साहवर्धक नसोत, त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

आता कामाच्या निवडीकडे वळू. पहिला प्रश्न शुभार्थीला विचारावयाचा, आणि तो खरोखर त्यालाच विचारावयाचा, शेजारी बसलेल्या वडिलांना नव्हे: तुला काय करावेसे वाटते? आजारापूर्वी काय आवडत होते, कोणते शिक्षण अर्धवट राहिले, हाताला कोणती गोष्ट सहज येते? मनोविकार झालेल्या माणसाने हलके, बिनडोक्याचे कामच करावे, अशी जी समजूत सुशिक्षितांतही आढळते, तिला काही आधार नाही. अभियंते पुन्हा अभियंते झाले आहेत, शिक्षिका पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या आहेत. ज्यांचे शिक्षणच तुटले त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेतही त्यांना पाच वर्षांची सवलत आहे, आणि मनोविकार या व्याख्येत येतो.

आवडीनंतर पाहावयाचे ते औषध आणि कामाची जागा यांचे परस्परांशी जुळते की नाही हे, आणि याच ठिकाणी, मला वाटते, सर्वांत अधिक चुका होतात, कारण मालक औषधांविषयी जाणत नाही आणि डॉक्टरांना कामाची जागा कशी आहे हे कोणी सांगतच नाही. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी नऊ-दहापर्यंत उतरत नसेल, तर सकाळी सातची पाळी पत्करणे म्हणजे पहिल्याच आठवड्यात उशिराचे शेरे ओढवून घेणे. अशा वेळी स्वतःच गोळी गाळण्याऐवजी ती संध्याकाळी लवकर घेता येईल काय, किंवा मात्रेची विभागणी बदलता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. द्विध्रुवी विकारासाठी जे लिथियम घेतात, त्यांना ओतशाळा, बेकरीची भट्टी किंवा वैशाखातले बांधकाम यांपासून जपावे लागते. घामावाटे पाणी आणि क्षार निघून गेले की रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीला पोहोचू शकते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे ही चिन्हे दिसताच काम थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. मनोविकारावरील इतरही काही औषधांनी शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती कमी होते, आणि क्लोरप्रोमॅझीन घेणाऱ्याची त्वचा उन्हात लवकर भाजते. शेतात काम करणाऱ्यांनी दुपारची वेळ टाळावी, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पाण्याची बाटली जवळ ठेवावी. गुंगी असताना लेथ, पॉवर प्रेस, परांचीवर चढून करावयाचे काम किंवा अवजड वाहन हे वर्ज्यच समजावे. क्लोझापीन घेणाऱ्यांना रक्ततपासणीसाठी नियमाने जावे लागते. तेवढ्या अर्ध्या दिवसाच्या रजेची बोली नोकरी धरतानाच करून ठेवावी.

रात्रपाळीविषयी थोडे अधिक सांगतो. द्विध्रुवी विकारात झोपेचे वेळापत्रक बिघडणे हे केवळ त्रासाचे कारण नसते, उन्मादाचा झटका पुष्कळदा त्याच दाराने आत येतो. कॉल सेंटरमध्ये, सुरक्षारक्षकाच्या कामात, कारखान्यात आळीपाळीने बदलणाऱ्या पाळ्यांत पगार थोडा अधिक मिळतो आणि जागाही चटकन मिळते, म्हणून तरुण मुले तिकडे ओढली जातात. त्यांना मी आग्रहाने सांगेन की कमी पगाराची दिवसपाळी ही तुमच्यासाठी अधिक फायद्याची नोकरी आहे.

आजाराच्या खुणांचाही विचार हवा. ज्याच्या मनात संशय अधूनमधून डोके वर काढतो, त्याला रोकडीच्या गल्ल्यावर बसवू नये. रोजच्या हिशेबात दहा रुपयांचा फरक पडला की सहकारी मजेत काही बोलतील आणि ते बोलणे तो रात्रभर उगाळीत बसेल. ज्याचे लक्ष लवकर थकते, त्याला आरंभ आणि शेवट स्पष्ट असलेले, एका वेळी एकच हाती द्यावयाचे, एकाच माणसाने सांगावयाचे काम सोयीचे पडते: ग्रंथालयातील पुस्तकांची मांडणी, रोपवाटिका, गोदामातील नोंदी, जुन्या दप्तराचे स्कॅनिंग, औषधांचे पॅकिंग, पोळी-भाजी केंद्र, गावी असेल तर दुभती जनावरे. ज्याचे हात औषधाने किंचित थरथरतात, त्याने मोबाइल दुरुस्ती शिकूच नये असे नाही, पण ते शिकण्याआधी कंप कमी करता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे.

प्रारंभ लहानच करावा. आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन-तीन तास, एवढ्यावर पहिला महिना काढला तरी पुष्कळ. पुढे तास वाढवावे, दिवस वाढवावे, पण दोन्ही एकदम वाढवू नयेत. वेळेवर उठणे, दाढी-आंघोळ, बसचा प्रवास, डबा, वरिष्ठांशी दोन वाक्ये बोलणे यांचा सराव अवश्य करून घ्यावा, मात्र तो काम मिळण्याची पूर्वअट होऊ देऊ नये. रोज कुठे जावयाचे आहे हे निश्चित असले की उठण्याला कारण मिळते. कारणाशिवाय उठण्याची सवय तुम्हा-आम्हालाही लागत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर पगारी कामाचा हा प्रश्न उपस्थितच होत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. मुलगा घरी बसला की घर अस्वस्थ होते. मुलगी वा सून घरी बसली तर ‘घरात काम काय कमी आहे’ म्हणून सर्वांचे समाधान होते, आणि ती भांडी घासते, पोळ्या लाटते, म्हातारीचे पाय चेपते, म्हणून तिचे पुनर्वसन झाले असे गृहीत धरले जाते. आजाराचे निमित्त करून सासरने टाकलेल्या, माहेरच्यांनी मनोरुग्णालयात पोहोचवून पुन्हा चौकशीही न केलेल्या स्त्रियांना तर स्वतःच्या मिळकतीवाचून रुग्णालयाबाहेर पाऊल ठेवणेच अशक्य होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2011 मध्ये सुरू केलेला ‘तराशा’ हा प्रकल्प नेमका येथे हात घालतो: रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना निवारा, कौशल्य आणि नोकरी यांची एकत्र जोड देतो. ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांनी तिच्या घरकामाकडे बोट दाखवून स्वतःची समजूत घालू नये. तिला बाहेरचे, पगाराचे काम हवे आहे काय, हे एकदा तिला विचारून पाहावे.

मालकाला आजार सांगावा की लपवावा, या प्रश्नावर स्वमदत गटांत तासन्‌तास चर्चा होतात, आणि त्याला एक उत्तर नाही. मी येथे काही मर्यादा तेवढ्या आखून देतो. पहिली ही की हा निर्णय शुभार्थीचा आहे. त्याच्या नकळत वडिलांनी मालकाला फोन करून ‘आमच्या मुलाला जरा सांभाळून घ्या’ असे सांगणे हे कितीही प्रेमाने केलेले असले तरी विश्वासघातच होय, आणि मुलाला ते कळते तेव्हा नोकरीबरोबर घरावरचा विश्वासही जातो. दुसरी ही की राखीव जागा, रजेची मुभा किंवा कामात फेरफार अशी कोणतीही सवलत कायद्याने मागावयाची असेल, तर आजार उघड केल्याखेरीज गत्यंतर नाही. तिसरी ही की अर्जात किंवा वैद्यकीय तपासणीच्या वेळी थेट प्रश्न विचारला असेल, तर लेखी खोटे लिहू नये; आजारापेक्षा त्या खोट्या लेखामुळेच पुढे नोकरी जाण्याचा संभव अधिक. या मर्यादांच्या आत एक मधला मार्ग उरतो आणि तो पुष्कळांना मानवतो: आजाराचे नाव न घेता गरज सांगावी. ‘माझे नियमित औषध चालू आहे, त्यामुळे मला सकाळी दहाची वेळ बरी पडेल, एका वेळी एकच काम सांगितले आणि शक्य तर लिहून दिले तर माझ्या हातून ते चोख होते, महिन्यातून एकदा अर्धा दिवस मला दवाखान्यात जावे लागते.’ शिक्षणातील किंवा नोकरीतील खंडाविषयी कोणी विचारले तर ‘प्रकृतीच्या कारणाने थांबावे लागले होते, आता उपचार नियमित आहेत आणि मी काम करण्यास समर्थ आहे’ एवढे वाक्य घरी मोठ्याने म्हणून तयार ठेवावे. ते खरे असते आणि पुरेसेही असते.

दाखल्याची बाब पुष्कळांना लाजिरवाणी वाटते, पण कायद्याचा हात धरावयाचा तर तो दाखला हवाच. 1995 च्या कायद्याने मनोविकाराला अपंगत्वात गणले होते, परंतु शासकीय नोकऱ्यांतील तीन टक्क्यांच्या राखीव जागांतून त्याला वगळले होते. 2016 च्या अधिनियमाने राखीव जागा 4 टक्के केल्या आणि त्यांतला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार व बहुविकलांगता यांच्यात वाटून दिला. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते जिल्हा रुग्णालयासारख्या अधिकृत ठिकाणच्या मंडळाकडून, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळवावे लागते. मनोविकाराची मोजणी स्वतःची निगा, इतरांशी संबंध, बोलणे व समजणे, आणि काम अशा चार अंगांनी, शिवाय आजाराची मुदत लक्षात घेऊन करण्याची रीत आहे. तपासणीला जाताना आजवरच्या सर्व चिठ्ठ्या आणि रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळालेले कागद तारखेवार लावून न्यावेत. डॉक्टर विचारतात तेव्हा अभिमानी आई ‘तो आपले सगळे आपण करतो’ असे सांगून मोकळी होते. आंघोळीसाठी आठवड्यातून किती दिवस मागे लागावे लागते, आल्यागेल्याशी तो बोलतो की खोलीत निघून जातो, हे जसेच्या तसे, न वाढविता आणि न झाकता, सांगावे. हा दाखला म्हणजे काम करता येत नसल्याची सनद नव्हे, ही गोष्ट दाखला काढणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनीही समजून घ्यावी. आणखी एक गल्लत पुष्कळांची होते: 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील योजना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता यांच्यासाठी आहेत, निव्वळ मनोविकारासाठी नाहीत, त्या कचेरीत खेटे घालून निराश होऊ नये. ज्यांना संजय गांधी निराधार अनुदान मिळते त्यांनी पगार सुरू होण्यापूर्वीच उत्पन्नाच्या मर्यादेची चौकशी तहसील कार्यालयात करावी, म्हणजे मागाहून वसुलीची भीती राहत नाही.

मालकवर्गाला फारसे सांगावयाचे नाही, कारण त्यांच्याकडून ज्या गोष्टी अपेक्षित आहेत त्यांना बहुधा पैसा लागत नाही: कामाच्या वेळेत अर्ध्या-पाऊण तासाची लवचीकता, तोंडी हुकमांऐवजी लेखी यादी, गोंगाटापासून दूर बसण्याची जागा, चुकीविषयी चारचौघांत न बोलता बाजूला नेऊन बोलणे, आणि चांगले झालेले कामही तितक्याच स्पष्टपणे सांगणे. दिव्यांगांना समान संधी देण्याचे धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करावे अशी 2016 च्या अधिनियमाची आज्ञा आहे, आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही त्या धोरणात सोयींचा व योग्य पदांचा तपशील द्यावा लागतो. ते धोरण कपाटात ठेवून न देता नव्या माणसाला वाचावयास द्यावे, एवढीच विनंती.

पहिले तीन महिने कसोटीचे असतात, आणि माझ्या मते कुटुंबांचे व संस्थांचे खरे अपयश येथेच दिसते. नोकरी लागली, पेढे वाटले, आणि मदतनीस दुसऱ्या माणसाकडे वळला. माणूस काम जमत नाही म्हणून सोडतो असे क्वचितच घडते. तो सोडतो ते जेवणाच्या सुटीत कोणाजवळ बसावे हे न कळल्यामुळे, मुकादमाच्या चढ्या आवाजाचा वेगळाच अर्थ लावल्यामुळे, किंवा एक दिवस दांडी झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय तोंड दाखवावे या संकोचामुळे. म्हणून आठवड्यातून एकदा, कामाच्या जागेबाहेर, मदतनीसाने त्याच्याशी निवांत बोलावे. कामावरील एखादा समजूतदार सहकारी, शुभार्थीच्या संमतीने, विश्वासात घ्यावा. दांडी झालीच तर त्याच दिवशी दुपारपूर्वी निरोप धाडण्याची सवय लावावी. आईने दर दोन तासांनी फोन करू नये, आणि संध्याकाळी दारातच उलटतपासणी सुरू करू नये. चहा द्यावा, तो आपणहून सांगेल तेवढे ऐकावे. याच काळात आणखी एक धोका असतो: मी आता कामाला जातो, म्हणजे मी बरा झालो, मग गोळ्या कशाला, असा विचार. गुंगीने कामात अडथळा येतो हे त्याला निमित्तही मिळते. औषध अर्ध्यावर सोडणे हे आजार उलटण्याचे फार मोठे कारण आहे. गुंगीची तक्रार डॉक्टरांकडे नेली तर त्यावर उपाय असतो, गोळी गटारात टाकली तर नसतो.

स्वतःच्या धंद्याचा विचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळण्याची सोय आहे. नोकरीत सुट्या, वेळा आणि वरिष्ठ यांच्यामुळे दिवसाला जो आकार येतो, तो धंद्यात स्वतःच द्यावा लागतो, म्हणून एकट्याने धंदा आरंभण्यापेक्षा भावाबहिणीच्या किंवा मित्राच्या चालू दुकानात वाटा घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. द्विध्रुवी विकार असलेल्यांनी मन उल्हसित, झोप कमी आणि कल्पना भराभर सुचत असतील अशा दिवसांत कर्जाच्या कागदावर सही करू नये. प्रकृती शांत असतानाच, आपल्याच मर्जीने, मोठ्या रकमेला दोन सह्या लागतील अशी व्यवस्था बँकेत करून ठेवावी.

मिळकत शुभार्थीच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. अनेक घरांत पहिल्या महिन्यापासूनच पगार वडिलांच्या हाती जातो आणि मुलाला रोजचे वीस रुपये मोजून मिळतात; असे करणे अन्यायाचे आहेच, शिवाय 2016 च्या अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा व आपले आर्थिक व्यवहार इतरांच्या बरोबरीने स्वतः पाहण्याचा जो हक्क दिला आहे त्याच्याही विरुद्ध आहे. पहिल्या पगारातून त्याने आईला साडी आणली, मित्रांना मिसळ खाऊ घातली किंवा स्वतःसाठी महागडे बूट घेतले, तर त्यावर टीका करू नये. घरखर्चाला काय द्यावयाचे हे त्याच्याशी बसून ठरवावे, आणि तेवढे त्याच्या हातून घ्यावे.

राहता राहिली ती आजार पुन्हा उलटण्याची गोष्ट. ती घडू शकते, म्हणून तिची तयारी प्रकृती उत्तम असतानाच करावी. झोप किती दिवस बिघडली, कोणत्या गोष्टीवर चिडचिड सुरू झाली, कोणता जुना संशय परत आला म्हणजे डॉक्टरकडे जावयाचे, याची एक यादी शुभार्थीने स्वतःच्या अक्षरांत लिहून घरात ठेवावी. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत याचे आगाऊ निवेदन लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार प्रत्येक प्रौढाला दिला आहे, त्याचाही उपयोग करावा. रात्री-अपरात्री कोणाचा सल्ला हवा असेल तर ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. रुग्णालयात जावे लागले तर घाबरून राजीनामा पाठवू नये; वैद्यकीय दाखल्यासह रजेचा अर्ज द्यावा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही, ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनाच्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. आणि डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मनोविकाराशी निगडित वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असा निर्णय दिला आहे. खासगी नोकरीत कायद्याचा हात इतका लांब पोहोचत नाही. तेथे लेखी रजा, नियमित निरोप आणि आजवर केलेल्या कामाची पत यांवरच भिस्त ठेवावी लागते. परत जाताना डॉक्टरांकडून कामास योग्य असल्याचा दाखला घ्यावा, त्यातच पहिले दोन-तीन आठवडे निम्मे तास काम देण्याची शिफारस लिहून घ्यावी, आणि पहिल्या दिवशी मदतनीसाने पुन्हा फाटकापर्यंत सोबत जावे.